आग्रहाचा फॉर्म

मुलानं पुण्याहून टॅब पाठवला, त्यात बोलणारी चित्रं होती. पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं की एक बाई गोड आवाजात म्हणायची, "मला तहान लागली आहे." ताटावर ठेवलं की, "मला भूक लागली आहे." यांनी ते एकदा ऐकलं आणि मान फिरवली. मी पुन्हा पुन्हा दाखवत राहिले, तसे ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला त्यांचा राग आला नाही, त्या बाईचा आला. आमच्या घरात इतकं शुद्ध कोणी बोलत नाही, आणि माझ्या नवऱ्याची तहान तिनं का म्हणून सांगावी?

मागच्या उन्हाळ्यात दुकानात बसल्या बसल्या यांना अर्धांगवायूचा झटका आला. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेलेली. पुढे काठी धरून घरातल्या घरात चालू लागले, डाव्या हातानं आपली कामं करू लागले, पण तोंडातून शब्द म्हणून फुटला नाही. पाटी दिली, खडू दिला. खडू हातात घेऊन त्याच्याकडे बघायचे आणि हलकेच खाली ठेवायचे. डॉक्टर म्हणाले, "वाचा गेली हे दिसतंय. समज किती राहिलीय, ते आत्ताच सांगता यायचं नाही."

मला तेवढंच कळायला हवं होतं. बोलले नाहीत तरी चालेल, पण आत कोणी आहे का? ज्याला रोज वाढते, ज्याचे कपडे धुते, तो माणूस आत बसून हे सगळं बघतोय, की मी एका रिकाम्या घराची झाडलोट करत बसलेय? हा प्रश्न मी भाजी चिरतानाही विचारायचे आणि देवापुढे बसूनही विचारायचे. देव आमचा औंढ्याचाच, घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. त्याला जगभरातून आलेल्यांची गर्दी, घरच्यांना वेळ कुठून देणार!

आम्ही दोघंही कॉम्प्युटरवाले. औंढ्यात लोक आम्हाला त्याच नावानं ओळखायचे. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नारळाच्या एका दुकानावरच्या माडीत आमचा क्लास होता. क्लासशिवाय हे फॉक्सप्रोमध्ये प्रोग्राम लिहून द्यायचे. जवळा बाजारच्या आडत दुकानांना, जिनिंगवाल्यांना. कापसाची आवक, सोयाबीनचं वजन, गाडी कुणाची, कुठल्या गावची, हे सगळं भरून ठेवायचं आणि हवं तेव्हा काढायचं. प्रोग्रामच्या आतलं गणित यांचं आणि बाहेरचे फॉर्म माझे. फॉर्म म्हणजे पडद्यावरची ती पाटी, जिच्यात चौकोन असतात, बटणं असतात, आणि जी तुम्हाला एकेक गोष्ट विचारत जाते.

त्या कामाचा मला फार गर्व होता, अजूनही आहे. आडतीवरचे दिवाणजी कॉम्प्युटरला भ्यायचे. बटण दाबलं की काहीतरी जळेल असं त्यांना वाटायचं. मी म्हणायचे, फॉर्मनं माणसासारखं विचारलं पाहिजे. एकावेळी एकच गोष्ट, आणि समोरचा चुकला तर त्याच्यावर खेकसायचं नाही. हे मला चिडवायचे, "तू फॉर्मला पावडर-कुंकू लावतीस." लावत होते. म्हणून तर दिवाणजी नंतर आपणहून चौकोन भरायचे आणि वर मला चहा पाजायचे.

पुढे ते सगळं गेलं. क्लास बंद झाला, फॉक्सप्रो बनवणाऱ्या कंपनीनं फॉक्सप्रो सोडून दिलं, आम्ही खाली रस्त्यालगत झेरॉक्सचं दुकान टाकलं. जुना कॉम्प्युटर माळ्यावर गेला.

तो खाली आला आक्कांमुळे. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, जवळा बाजारच्या. भावाची अशी अवस्था झाल्यापासून आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. रिकामं बसवत नाही त्यांना. एक दिवस माळा झाडायला काढला आणि म्हणाल्या, "ह्ये डबडं काहून ठिवलंय? भंगारवाल्याला दिऊन टाक." द्यायच्या आधी आत काही फोटो आहेत का बघावं म्हणून मी बाहेरच्या खोलीत तो टेबलावर मांडला आणि वीज लावली. पंखा घुरघुरला, चरचरल्यासारखे आवाज झाले, पडदा उजळला.

मागे काठीचा आवाज आला. हे खाटेवरून आपणहून उठून आले होते. हळूहळू खुर्चीत बसले. डावा हात कीबोर्डवर ठेवला. मी सांगते, मी बघत होते म्हणून सांगते, त्या हातानं शोधाशोध केली नाही. बाण, बाण, एंटर. फॉक्सप्रो उघडलं. पांढरी कोरी खिडकी आली आणि तिच्यात कर्सर उघडझाप करायला लागला. हे त्याच्याकडे बघत बसले. टाइप काहीच केलं नाही. चेहरा जसा रोज असायचा तसाच, कोणी पुसून घेतल्यासारखा. फक्त हाताला सगळं ठाऊक होतं. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी मला हसूही आलं.

मुलाला फोन केला. तो मोठ्या कंपनीत आहे, त्याला नव्या नव्या गोष्टी येतात. म्हणाला, "आई, फॉक्सप्रो कधीच मेलंय. मी तुला चांगलं ॲप बनवून देतो."

"मेलं तर मेलं," मी म्हटलं. "तुझे बाबा त्याच्यासमोर उठून बसलेत. तुझ्या टॅबसमोर मान फिरवतात."

असं मी पुन्हा फॉक्सप्रोला हात लावला. वाटलं होतं, सगळं विसरले असेन. पहिल्या दिवशी खरंच काही सुचेना. पण चुली­शी बसलं की हात आपोआप पळीकडे जातो, तसं झालं. एक जुना फॉर्म चालवून बघितला, कुठल्याशा आडतीचा. समोर पहिलीच नोंद आली ती आमच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याची. त्यांच्या तेराव्याला आम्ही जेवून आलो होतो, त्याला किती वर्षं झाली. फॉर्ममध्ये मात्र त्यांचा कापूस अजून काट्यावर होता, गाडी दारात उभी होती. मी तो फॉर्म घाईघाईनं बंद केला. उगाचच मागे वळून पाहिलं. हे खाटेच्या कडेवर बसून दाराकडे बघत होते.

नवा फॉर्म मी मन लावून बनवला. फिकट रंग, मोठी अक्षरं, आमचा जुना मराठी फॉन्ट. वर एक प्रश्न आणि खाली दोन बटणं, "होय" आणि "नाही". बाणानं हव्या त्या बटणावर जायचं आणि एंटर दाबायचा. उत्तर दिलं की पुढचा प्रश्न.

"चहा घेता का?"

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग डाव्या हाताची करंगळी एंटरवर टेकली. होय.

"पाणी देऊ?" होय. "पंखा लावू?" होय. "बाहेर ओट्यावर बसायचं?" होय. आक्का शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझं बी इचार की. मला वळखतो का म्हून इचार." मी तिथल्या तिथं तो प्रश्न घातला. "आक्काला ओळखलं का?" एंटर. होय. आक्का खालीच बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. "माझं लेकरू हाय गं आत! मला वळखून राहिलंय!" मग उठल्या, देवळात जाऊन आल्या, येताना पेढे आणले आणि गल्लीभर वाटले.

त्या पेढे वाटायला गेल्या तेव्हा मी एकटीच मशीनसमोर बसले होते. आनंदानं नुसती फुगले होते. मस्करी करावीशी वाटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्यात मस्करी नसायची असा दिवस नव्हता. मी लिहिलं, "तुम्ही म्हैस आहात का?" आणि त्यांना बोलावलं.

त्यांनी वाचलं. करंगळी टेकली. होय.

मी अजून एकदा चालवलं. होय.

मग ध्यानात आलं. फॉर्म उघडला की कर्सर आपोआप पहिल्या बटणावर जाऊन बसत होता, आणि पहिलं बटण होतं "होय". नुसता एंटर दाबला, कोणी दाबला, मांजरानं दाबला, तरी उत्तर होय. इतकी वर्षं फॉर्म करून मी ही चूक केली होती, कारण मला होयच ऐकायचं होतं. आडतीच्या कामात अशी चूक झाली असती तर मी स्वतःला दोन शिव्या घातल्या असत्या. आता शिव्याही सुचेनात. बाहेर आक्का कुणाला तरी सांगत होत्या, "वळखलं ना! साफ वळखलं!"

त्यांना सांगावं लागलंच. त्यांनी उरलेले पेढे डब्यात घालून डबा फळीवर ठेवला.

दुसरा फॉर्म बनवताना मी काळजी घेतली. मधे एक कोरं बटण ठेवलं, त्याच्यावर अक्षर नाही, आणि कर्सर सुरुवातीला त्याच्यावर. डावीकडे "होय", उजवीकडे "नाही". बाण दाबून इकडे किंवा तिकडे सरकल्याशिवाय उत्तरच होणार नाही. आता जे येईल ते त्यांचं.

"चहा घेता का?" बाण उजवीकडे. नाही.

"पाणी देऊ?" नाही. "जेवायला वाढू?" नाही. "पंखा लावू?" नाही. गरमीनं शर्ट पाठीला चिकटला होता, तरी नाही. मी म्हटलं, झालं, आधी सगळं होय, आता सगळं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तरी रागारागानं एक शेवटचं लिहिलं. "दोन आणि दोन चार होतात का?"

हात थांबला. बाण डावीकडे गेला. होय.

"तुम्ही म्हैस आहात का?" नाही. "आपण औंढ्यात राहतो का?" होय. "बैलाला सहा पाय असतात?" नाही.

आत कोणीतरी होतं. जागं होतं, वाचत होतं, विचार करून उत्तर देत होतं. मी उठून आत गेले आणि मोरीत नळ सोडून रडून घेतलं. पण बाहेर आल्यावर पाण्याचा तांब्या समोर ठेवला तर यांनी तो घटाघटा पिऊन टाकला. तहान लागलेला शहाणा माणूस पाण्याला नाही का म्हणतो? याचा काही केल्या मेळ लागेना.

मेळ लावला तो शेजारणीनं, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. ती विसावा म्हणून येऊन बसली. मी म्हटलं, चहा टाकते. "नको नको, आताच झालाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "अर्धा कप घ्या." "उगं काहून तकलीफ करता?" "तकलीफ कसली, यांच्यासाठी ठेवतेच आहे." मग ती म्हणाली, "बरं, टाका मग घोटभर." सगळं रोजच्यासारखं. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही. म्हणणारा हावरा ठरतो. दोनदा, तीनदा आग्रह करायचा, मग समोरच्यानं तुमच्या शब्दाखातर घेतल्यासारखं घ्यायचं. कप बशीत ठेवता ठेवता माझा हात थांबला.

माझा फॉर्म एकदाच विचारत होता आणि नाही म्हटलं की पुढे निघून जात होता. इतका उद्धट फॉर्म मी जन्मात बनवला नव्हता.

शेजारीण गेल्यावर मी त्याला आग्रह करायला शिकवलं. "चहा घेता का?" याला नाही आलं की पडद्यावर यायचं, "अर्धा कप तरी घ्या." पुन्हा नाही आलं की, "आमच्यासाठी केलाच आहे, त्यातलाच घ्या."

हे बसले. चहा घेता का? नाही. अर्धा कप तरी घ्या. नाही. आमच्यासाठी केलाच आहे, त्यातलाच घ्या. बाण डावीकडे. होय.

जेवणाचंही तसंच. पाण्याचंही तसंच. पंख्याचं मला वाटलं होतं एका आग्रहात होईल, पण तिथंही तिसऱ्यांदाच होय आलं. मुलाला व्हिडिओ करून पाठवला. त्यानं लगेच फोन केला, हसत होता आणि त्याचा आवाज ओला झाला होता. "आई, आग्रह करणारा फॉर्म जगात कुणी केला नसेल. बाबा आहेत गं. आहेत!" मी त्याला ऐटीत म्हटलं, "तुझ्या ॲपला सांग की असं." दोन-तीन दिवस मी हवेत होते. घरात शिरा केला. गाणी म्हणत भांडी घासली.

आक्का मात्र गप्प झाल्या होत्या. मला वाटलं, पेढ्यांचं मनाला लागलं असेल. शेवटी एका दुपारी ज्वारी निवडता निवडता त्यांनी सूप खाली ठेवलं.

"एक इचारू का? राग मानू नको."

"विचारा की."

"आपल्याच घरात पान्याला कोनी न्हाई म्हनतं का गं?"

मी त्यांचं सूप माझ्याकडे ओढलं.

"दुसऱ्याच्या घरी न्हाई म्हनावं मानसानं," आक्का म्हणाल्या. "मायच्या घरी, बायकुच्या घरी कोन म्हनतं? लहानपनी ह्योच माझ्या हातातला तांब्या हिसकून प्यायचा."

बाहेरच्या खोलीत हे खाटेच्या कडेवर बसले होते, पाय जवळ घेऊन, जागा कमी व्यापावी असं. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चपला खाटेखाली, दाराकडे तोंड करून सरळ ठेवलेल्या. सकाळी घडी घातलेली चादर उशाशी. हे सगळं मी रोज बघत होते आणि फोनवर मुलाला सांगत होते की बाबांना शिस्त लागलीय. डॉक्टरांनाही सांगितलं होतं, त्यांनीही छान म्हटलं. ओला टॉवेल गादीवर टाकण्यावरून ज्या माणसाशी मी जन्मभर भांडले, तो एका हातानं चादरीचे कोपरे जुळवत होता, आणि मी त्याला सुधारणा म्हणत होते.

मग एकेक आठवायला लागलं. स्वयंपाकघरात ते एकदाही आले नव्हते. उंबऱ्याशी थांबायचे आणि मागे फिरायचे. मी न्हाऊन, केस मोकळे सोडून बाहेर आले की नजर खाली घालायचे. आंघोळीला मी मदत करायला गेले की हात आडवा धरायचे, इतका की मी तो नाद सोडून दिला होता. त्यांचाच शर्ट दिला तरी तो आधी हातात धरून बघायचे, दुसऱ्याचा मागून घेतलेला बघावा तसा, आणि संध्याकाळी नीट घडी करून परत द्यायचे. भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोसमोर रोज थोडा वेळ उभे राहायचे. मी समजत होते, जुने दिवस आठवत असतील. पाहुणाही बैठकीतले फोटो असेच बघतो, मागे हात बांधून.

मला भीती वाटली. यांची भीती वाटली, हे लिहायला जीव होत नाही, पण वाटली. माझ्या नवऱ्याच्या अंगात, त्याच्या खुर्चीत, त्याच्या चष्म्यातून एक परका सभ्य गृहस्थ बघत होता आणि माझे आभार मानत होता.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. मी फॉर्ममध्ये लिहिलं, "हे घर तुमचं आहे का?" लिहिलं, बटणं लावली, आणि चालवायच्या आधी पुसून टाकलं. पुन्हा लिहिलं, "मला ओळखता का?" तेही पुसलं. दोन आणि दोन चार याला ज्यानं विचार करून होय दिलं, तो यालाही विचार करूनच उत्तर देणार होता. मला त्याच्या करंगळीवर आता पुरता विश्वास होता, आणि म्हणूनच विचारायचं धाडस होत नव्हतं.

आणि माझंही वागणं बदलत गेलं, मला नकळत. कपाटातले चांगले कप काढले. त्यांच्यासमोर पदर सावरायला लागले. खोलीत शिरताना खाकरायला लागले. एकदा आक्कांवर मी ओरडले आणि लगेच आवाज खाली आणला, घरात पाहुणे आहेत म्हणून. आक्का माझ्याकडे बघायला लागल्या. मी पण माझ्याकडे बघायला लागले. संध्याकाळी रस्त्यावरनं देवळाकडे जाणाऱ्यांची वर्दळ वाढली, कुणी ओट्यापाशी थांबलं, चप्पल वाजली, की हे ताठ व्हायचे, डाव्या हातानं केस सारखे करायचे आणि दाराकडे बघायचे. कुणी आत आलं नाही की पुन्हा खांदे सैल. मी म्हणायचे, बाहेर जायचं असेल. ओट्यावर नेऊन बसवलं तर तिथंही त्यांची नजर रस्त्यावरच.

मुलाला यातलं काही सांगितलं नाही. त्याला बाबा आहेत एवढं पुरेसं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

मग तो दिवस आला. आठवड्याची भाजी आणायला आक्का बाजारात गेल्या होत्या. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आत कीबोर्ड वाजला. मी म्हटलं, फॉर्म चालवत असतील आपला आपण, कधी कधी चालवायचे. पण आवाज थांबेना. एंटरचा एकेक ठोका नव्हता, टाइप करण्याचा होता, एका हाताचा, अडखळत, थांबत, पुन्हा. मी ओल्या हातानं तशीच उभी राहिले. कितीतरी महिन्यांनी माझ्या घरातून तो आवाज येत होता. आत जावं असं फार वाटत होतं आणि पाय उचलत नव्हते.

आवाज थांबल्यावर गेले. हे खुर्चीतून उठून खाटेच्या कडेवर जाऊन बसले होते. बटणं लावलेली, काठी हातात. पडद्यावर एक फॉर्म होता, आणि तो माझा नव्हता.

तो कुणी केला हे मी अंधारातही ओळखलं असतं. यांना आयुष्यात कधी दोन गोष्टी एका रेषेत मांडता आल्या नाहीत. वरचं वाक्य डावीकडे कललेलं, चौकोन त्याच्यापासून लांब कुठंतरी, बटण पार कोपऱ्यात जाऊन बसलेलं. रंग तोच, त्यांचा आवडता पिवळा, डोळ्यांना टोचणारा, ज्याच्यावरून आमची भांडणं व्हायची. हात त्यांचाच होता. तो वाकडा फॉर्म बघून मला असं भरून आलं की मी पडद्याला हात लावला. मग वाचलं.

"मालक कधी येतील? त्यांना भेटूनच निघेन म्हणतो."

खाली उत्तरासाठी रिकामा चौकोन. कर्सर त्याच्यात उघडझाप करत होता.

आमच्याकडे दारात आलेला माणूस असंच विचारतो, मालक आहेत का घरी. घरधन्याला भेटल्याशिवाय, त्याचा निरोप घेतल्याशिवाय उठून जाणं चांगलं दिसत नाही. आणि हे जन्माचे रीतभात पाळणारे. घरच्या बाईनं इतकं केलं, खाऊ घातलं, कपडे धुतले, आता धनी आला की दोन शब्द बोलून वाटेला लागावं, एवढ्यासाठी ते मागच्या उन्हाळ्यापासून त्या खाटेच्या कडेवर बसून होते. दाराकडे बघत होते. स्वतःची वाट बघत होते.

मी वळून बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि मी बघितल्याबरोबर त्यांनी नजर खाली घेतली. अहो, तुम्हीच, असं माझ्या तोंडापर्यंत आलं. लग्नातला फोटो काढून त्यांच्यापुढे धरावा, आरसा आणून धरावा, असं वाटलं. पण त्या चेहऱ्यावर इतकी अदब होती, इतका संकोच होता, की त्याला भिंतीशी नेऊन तू चोर आहेस म्हणण्यासारखं ते झालं असतं. आणि एक मेलं मनात आलंच: यांना कळलं की मालक येणार नाहीत, तर हे उठतील. काठी घेतील, चपला घालतील आणि जातील.

मी खुर्चीत बसले. जुन्या फॉन्टच्या किल्ल्या बोटांना आठवत होत्या. चौकोनात लिहिलं, "येतील. तुम्ही बसा." आणि कोपऱ्यातलं ते वाकडं बटण दाबलं.

मी बाजूला झाले. ते काठी टेकत आले, वाकून वाचलं. मान हलवली, बरं, अशी. पुन्हा खाटेवर जाऊन बसले आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

मी चहा केला. या वेळी विचारलं नाही, नुसता समोर ठेवला, आणि पाहुण्यापासून सोडतात तेवढं अंतर सोडून खुर्चीवर बसले. त्यांनी कप उचलला. मीही उचलला. बाहेर एक जीप थांबली, माणसं उतरली, देवळाकडे निघून गेली. मग ओट्यावर चपला वाजल्या, कडी हलली, आणि आम्ही दोघांनीही एकदमच दाराकडे पाहिलं.

आक्का होत्या, भाजीची पिशवी घेऊन. आमचे दोघांचेही चेहरे पडले.